जुन्या विद्युत मोटारीचा फेरफार: केंद्रीय परिवहनमंत्र्यांस खुले पत्र

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली, यांसी



आपल्या मंत्रालयाच्या टपालात महामार्ग, पूल, पथकर आणि अपघात यांविषयीचा मजकूर इतका मोठा असणार की, शहराच्या गल्लीबोळांतून दिवसाकाठी वीसपंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या एका छोट्या, वापरलेल्या, दुसऱ्या हाती जाऊ पाहणाऱ्या विद्युत मोटारीची कैफियत घेऊन आलेले हे पत्र त्यात अगदीच क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तरीही ते आपल्याला लिहितो याचे कारण असे की, ज्या एका नोंदीच्या अभावी या मोटारीचा खरेदीदार आज अंधारात चाचपडतो आहे, ती नोंद सक्तीची करण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या द्वारे आपल्याच मंत्रालयाकडे आहे. आणि ते मराठीत व जाहीरपणे लिहितो याचे कारण, ज्यांच्या पैशाचा हा प्रश्न आहे अशा मंडळींनीही ते वाचावे आणि माझे म्हणणे चुकत असेल तर मला तसे सांगावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टियागो ई.व्ही. साडेआठ लाखांच्या किंचित आतून सुरू होणाऱ्या किमतीला जाहीर झाली, पुढल्या वर्षी एम.जी.ची दोन दारांची चिमुकली कॉमेट रस्त्यावर आली, आणि विद्युत मोटार ही केवळ श्रीमंताची दुसरी किंवा तिसरी गाडी असण्याचे दिवस तेथून पालटू लागले. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्या आता तीन-चार वर्षांच्या झाल्या आहेत. कोणाची बदली झाली, कोणाचे कुटुंब वाढले, कोणाला उंच गाडीची हौस सुटली, आणि त्या गाड्या बाजारात येऊ लागल्या. त्या घ्यायला पुढे येणारा माणूस नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाहून निराळा आहे. त्याच्याकडे बहुधा एक स्कूटर असते, घरात म्हातारे आईवडील असतात, मुलाची शाळा असते, आणि पावसाळ्यात या सर्वांना कोरडे ठेवून इच्छित स्थळी पोचविणारे एखादे छप्पर त्याला हवे असते. शहरी रहदारीत एका युनिटमागे सात-आठ किलोमीटर चालणारी, क्लच-गिअरच्या कटकटीतून सोडविणारी, सिग्नलला उभी असता धूर न ओकणारी ही गाडी त्याच्या गरजेला तंतोतंत बसते. आणि तिची जुनी किंमतही त्याच्या आवाक्यात असते, कारण या गाड्यांचे भाव पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा झपाट्याने उतरतात. ते का उतरतात हाच या पत्राचा विषय आहे.

पेट्रोलच्या जुन्या गाडीची परीक्षा करण्याचे एक लोकशास्त्र आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. त्याने बॉनेट उघडून ऑइलची दांडी ओढावी आणि बोटावर ऑइल चोळून पाहावे. गाडी थंड असताना चालू करून धूर निळा निघतो की काळा याकडे नजर ठेवावी. क्लच कोठे धरतो ते पायाने अजमावावे. दाराच्या रबराखाली नख घालून रंग मूळचा की मागाहून मारलेला याचा अदमास घ्यावा. आणि एवढा विधी उरकल्यावर मान किंचित हलवून तो जो आकडा सांगेल तो विक्रेत्याच्या आकड्याहून वीस-पंचवीस हजारांनी कमी असावा, ही रीत सर्वमान्य आहे. या शास्त्रात लबाडीला वाव नाही असे नाही, परंतु लबाडी पकडण्याची विद्याही त्याच्याबरोबरच वाढली आहे. विद्युत मोटारीपुढे हा मेकॅनिक हात बांधून उभा राहतो. बॉनेटखाली हुंगण्याजोगे, ऐकण्याजोगे, बोटावर चोळण्याजोगे काहीच नसते. टायर, सस्पेन्शन आणि बारा व्होल्टची धाकटी बॅटरी तो पाहू शकतो; मोटरच्या उलट्या ओढीने वेग आवरला जात असल्यामुळे ब्रेक कमी वापरात येतात आणि त्यांच्या तबकड्यांवर गंज धरतो, हेही एव्हाना त्याला ठाऊक झाले आहे; स्पीडब्रेकरवर घासून बॅटरीच्या पेटीला पोचा आला आहे का हे तो गाडीखाली वाकून सांगतो. पण त्या पेटीच्या आत काय उरले आहे, हे त्याला सांगता येत नाही; आणि गाडीच्या मोलाचा सर्वांत मोठा वाटा तर त्या पेटीतच बंद असतो.

येथे बॅटरी झिजते म्हणजे काय होते, हे दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे, कारण दुकानात याविषयी फार सैल भाषा वापरली जाते. लिथियमच्या बॅटरीत वीज साठते ती लिथियमचे कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाऊन बसतात म्हणून. या येरझारीत ऋण ध्रुवावरील ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म थर चढत जातो, त्या थरात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते, आणि तेवढ्या प्रमाणात बॅटरीची धारणशक्ती घटते. ही घट वापराने होते तशीच नुसत्या वयानेही होते, आणि उष्णतेत ती वेगाने होते. आपण ज्या शहराचे लोकसभेत प्रतिनिधित्व करता, तेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. त्या उन्हात शंभर टक्के भरून दिवसच्या दिवस उभी ठेवलेली गाडी आणि महाबळेश्वरच्या हवेत चाळीस-पन्नास टक्क्यांवर राखलेली गाडी, दोघींच्या मीटरवर पळालेले किलोमीटर सारखे असले तरी, आतून सारख्या राहत नाहीत. म्हणजे पेट्रोलच्या गाडीत ज्या एका आकड्यावर अर्धा सौदा ठरतो तो किलोमीटरचा आकडा येथे निम्मीच हकीकत सांगतो. त्यात आणखी एक गुंता आहे. बॅटरी अनेक सेलांची बनलेली असते, आणि एकसर जोडलेल्या सेलांतला सर्वांत अशक्त सेल रिता झाला की बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही गाडीला थांबावे लागते. त्यामुळे सरासरी प्रकृती चांगली असलेली बॅटरीही एका दुबळ्या सेलापायी दगा देऊ शकते.

बहुतेक छोट्या गाड्यांच्या पडद्यावर बॅटरी आज किती टक्के भरली आहे हे दिसते. पण नवी असताना मावत होती त्याच्या किती टक्के वीज आता मावते, हे दिसत नाही. जाणकार ज्याला एस.ओ.एच. म्हणतात आणि दलाल ज्याला ‘बॅटरी हेल्थ’ म्हणतात तो हा दुसरा आकडा गाडीच्या संगणकात असतो. तो काढायला निदान यंत्र लागते, आणि ते यंत्र बहुतांशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात असते.

माझी पुतणी पुण्यात एका शाळेत शिकवते. तिने अशी एखादी गाडी घ्यायचे मनात आणले तेव्हा, ‘काका, तुमचा जन्म कागद वाचण्यात गेला, तुम्हीच बरोबर चला’ असे म्हणून तिने मला सोबत नेले. मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, मोटारीच्या यंत्राविषयी माझे ज्ञान बेताचेच, पण कागदाविषयी मात्र मला थोडा अभिमान आहे. एका विक्रेत्याच्या दालनात गाडीच्या काचेवर एक रंगीत पत्रक चिकटविलेले होते आणि त्यावर ‘बॅटरी हेल्थ ९८ टक्के’ असे ठळक छापलेले होते. ही तपासणी कोणी केली, कोणत्या तारखेस, कोणत्या यंत्राने, आणि त्याचा मूळ अहवाल कोठे आहे, असे मी विचारले. तेथील तरुणाने मोठ्या आदबीने सांगितले की, ‘सर, सिस्टिम तसं दाखवते.’ कोणती सिस्टिम, हे त्यालाही माहीत नव्हते. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मात्र असा मजकूर होता की वरील माहिती केवळ मार्गदर्शक असून तिच्या अचूकतेची जबाबदारी विक्रेत्यावर नाही. खरेदीदाराने ज्यावर विसंबावे म्हणून जो आकडा ठळक छापायचा, त्याचीच जबाबदारी तळाशी नाकारायची, असा दस्तऐवज माझ्या सबंध नोकरीत माझ्यापुढे आला असता तर मी तो परत पाठविला असता. पुढे एका सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करून घेण्याची तयारी दाखविली, तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच तोंडी सांगू, लेखी प्रत कोणालाही देण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले.

अखेरीस ज्यांच्याकडून गाडी घेतली ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, कोथरूडला राहणारे, आणि हिशेबाच्या बाबतीत माझ्याहूनही काटेकोर निघाले. त्यांच्या पार्किंगमध्ये महावितरणचा स्वतंत्र मीटर होता. त्यांनीच सुचविले की गाडीच्या पडद्यापेक्षा मीटरला साक्षीला बोलवावे, कारण मीटरला ना गाडी विकायची असते ना घ्यायची. ही युक्ति साधी आहे आणि ज्याला शक्य असेल त्याने ती जरूर योजावी, म्हणून तपशिलाने लिहितो. किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या बिलावरचे युनिट. टियागोची धाकटी बॅटरी १९.२ किलोवॅट-तासांची, ती दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी आणि घरच्या साध्या चार्जरवर रात्रभर लावून शंभर टक्के भरू द्यावी, म्हणजे धडधाकट बॅटरीच्या पोटात सुमारे सव्वासतरा युनिटे जावयास हवीत, चार्जरमध्ये आणि वायरींत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा दहा ते पंधरा टक्क्यांचा भाग धरला तर मीटरवर एकोणीस ते वीसच्या आसपास आकडा उमटावा. तो पंधरा-सोळावरच थांबला तर बॅटरीने आपल्या पोटाचा पाचवा हिस्सा गमावला, असा संशय धरण्यास जागा आहे. त्या रात्री मीटरने सांगितलेला आकडा अपेक्षेच्या किंचितच खाली होता, आणि सौदा झाला.

परंतु महोदय, ही पद्धत म्हणजे अडलेल्याची तोड आहे, प्रमाण नव्हे. पडद्यावरचे दहा टक्के हेही संगणकाचे अनुमानच असते. आणि छोट्या गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असली तर तिचा दाब भरल्या पोटी आणि अर्ध्या पोटी जवळजवळ सारखाच राहत असल्यामुळे ते अनुमान चुकण्याचा संभव अधिक असतो, म्हणून तर अशा बॅटऱ्या अधूनमधून शंभर टक्के भरून संगणकाला ताळा घेऊ द्यावा असे सांगतात. शिवाय, स्वतंत्र मीटर, परक्या माणसासाठी एक रात्र गाडी लावून ठेवणारा विक्रेता आणि सकाळी आकडा वाचायला येऊ शकणारा खरेदीदार, हा त्रिवेणी संगम कितीकांच्या नशिबी असणार?

आता मी माझ्या जुन्या खात्याचा दाखला देतो. शेतजमीन विकत घेणारा माणूस शेत पाहायला जातो खरा, पण बयाणा देण्यापूर्वी तो सातबाऱ्याचा उतारा काढतो. मालक कोण, क्षेत्र किती, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, इतर हक्कांत कुळाचे नाव आहे का, आणि ही प्रत्येक नोंद कोणत्या फेरफार क्रमांकाने झाली, हे त्यावरून त्याला दिसते. तो उतारा सरकारचा असतो आणि तो खरेदीदाराला विक्रेत्याच्या मेहेरबानीवाचून मिळतो, हे त्यातले मर्म आहे. मोटारीचे नोंदणीपत्र हाही एका अर्थी तिचा उताराच आहे. चासी क्रमांक, इंजिनाच्या जागी मोटरचा क्रमांक, निर्मितीचा महिना, बसण्याची क्षमता, कर्जाचा बोजा, सारे त्यात आहे. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरले जातात, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे त्यासाठी मुदती ठरलेल्या आहेत. पण गाडीच्या मोलाचा सर्वांत मोठा भाग ज्यात आहे त्या बॅटरीच्या प्रकृतीविषयी या साऱ्या कागदांत एक अवाक्षर नाही. पिकाऊ जमीन आणि खडक या दोहोंचा उतारा जर एकसारखाच निघू लागला, तर जिरायत कोणती आणि बागायत कोणती हे ठरविणार कसे?

ही नोंद नसली की काय होते, याची मीमांसा जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालीच करून ठेविली आहे, आणि योगायोग असा की त्याने उदाहरणही जुन्या मोटारींच्या बाजाराचेच घेतले होते. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे विक्रेत्याला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला नाही, असे असले की गिऱ्हाईक सर्वच गाड्यांना मध्यम प्रतीचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही म्हणून तो बाजारातून उठून जातो. मग उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते, भाव आणखी उतरतो, आणि शेवटी बाजारात टाकाऊ मालाचेच राज्य होते. या विवेचनाला पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्याकडील जुन्या विद्युत मोटारींचा भाव जो भराभर कोसळतो, त्याचे कारण प्रत्येक बॅटरी खराब झाली आहे असे नाही. पुष्कळशा अगदी उत्तम आहेत. पण उत्तम असल्याचे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्या मालकापाशी नाही. आणि जुन्या गाडीला भाव येत नाही हे पाहून नवी घेणाराही बिचकतो, म्हणजे नव्या विद्युत मोटारींच्या प्रसाराचे जे धोरण आपण मोठ्या उत्साहाने चालविता त्याच्याच पायाखालची माती यातून सरकते.

विद्युत मोटारीचा आपल्या देशातील अनुभव काही आजचा नव्हे. बंगळूरच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. तीत शिसे-आम्लाच्या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असत, एका भरण्यात ती सुमारे ऐंशी किलोमीटर जाई, आणि लंडनमध्ये तर ‘जी-विझ’ या नावाने तिने तेथील गर्दीच्या कराला चुकविणाऱ्या मंडळींत मोठे नाव (आणि मोटारशौकिनांत मोठी चेष्टाही) मिळविले. त्या काळी जुनी रेवा घेणाऱ्याचा हिशेब सरळ होता: काही वर्षांनी बॅटऱ्यांचा संच बदलावाच लागतो हे सर्वश्रुत, संचाची किंमत ठाऊक, तेव्हा ती वजा करून उरेल तो गाडीचा भाव. पुढे २०१० मध्ये ती कंपनी महिंद्रांकडे गेली, २०१३ मध्ये लिथियमच्या बॅटरीची ई-टू-ओ आली, आणि आता तिचेही उत्पादन थांबून काही वर्षे झाली. लिथियमची बॅटरी पुष्कळ अधिक टिकाऊ, यात शंका नाही. पण तिच्या आगमनाने तो जुना सरळ हिशेब गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही.

हमीचे म्हणाल तर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर ही मुदत आता सर्वसाधारण झाली आहे, आणि जुन्या गाडीच्या खरेदीदाराला तिचा मोठाच आधार आहे. तरी ती पुस्तिका शब्दशः वाचावी, असे मी सर्वांना सांगेन. काही निर्मात्यांनी अलीकडे जाहीर केलेली ‘आजीवन’ हमी ही पहिल्या नोंदणीकृत मालकाच्या आजीवनापुरती असते, म्हणजे ते जीवन गाडीचे नसून मालकीचे असते.

बाहेरच्या जगात या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने मार्च २०२२ मध्ये जो जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ संमत केला, त्याने पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के धारणशक्ती शिल्लक असावी असा किमान दंडक घातला. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून हा आकडा गाडीच्या मालकाला कोणत्याही बाह्य यंत्रावाचून वाचता आला पाहिजे असे ठरविले; आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक विद्युत मोटारीच्या बॅटरीला स्वतःचे डिजिटल पारपत्र लागणार आहे.

आपल्या मंत्रालयानेही काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीवाचून विद्युत वाहनाची नोंदणी करण्यास राज्यांना जी अनुज्ञा दिली गेली, तीत बॅटरी ही वाहनाच्या एकूण खर्चाचा ३० ते ४० टक्के भाग असते असे आपल्याच मंत्रालयाने नमूद केले होते. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र घेण्याचे, आणि ताब्यातील वाहनाच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवण्याचे, बंधन घालणारे नियम झाले. आणि अलीकडे प्रत्येक बॅटरी संचाला एकवीस अक्षरांकांचा ओळख क्रमांक देण्याची ‘बॅटरी पॅक आधार’ ही योजनाही मसुद्याच्या रूपाने पुढे आली आहे. ही तिन्ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र ओळख क्रमांक नव्या बॅटऱ्यांना मिळेल तेव्हा मिळेल. आज ज्या विकल्या जात आहेत त्या त्यापूर्वीच्या आहेत, आणि त्यांच्या खरेदीदाराला तोवर थांबा असे म्हणता येत नाही. शिवाय क्रमांक मिळाला तरी त्याखाली नोंदलेली प्रकृती हस्तांतराच्या वेळी खरेदीदाराच्या हाती पडेल अशी तजवीज नियमांत नसेल, तर तो क्रमांक दफ्तरात सुखाने पडून राहील.

यात एक विसंगती मला मोठी गमतीची वाटते. पेट्रोलच्या गाडीला ठराविक मुदतीने पी.यू.सी. काढावी लागते, म्हणजे तिच्या धुराची तरी कोणीतरी दखल घेते. विद्युत मोटारीला धूर नाही म्हणून पी.यू.सी.तून सूट, ती रास्तच आहे. पण परिणाम असा की, खाजगी विद्युत मोटार एकदा नोंदली की पंधरा वर्षे तिच्या अंतरंगाकडे पाहण्याचा प्रसंग कायद्याने कोणावरही येत नाही.

तेव्हा माझी मागणी इतकीच आहे की, विद्युत मोटारीचे हस्तांतर होताना फॉर्म २९ व ३० सोबत बॅटरीच्या प्रकृतीचा, तीस दिवसांहून जुना नसलेला, दाखला जोडणे सक्तीचे व्हावे, आणि त्यातील आकडा ‘वाहन’ पोर्टलवर त्या गाडीच्या नावे कायमचा चढावा, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या खरेदीदारालाही घसरणीचा सबंध आलेख पाहता येईल. दाखल्यात केवळ टक्केवारी नको. सर्वांत अशक्त व सर्वांत सशक्त सेलांतील अंतर, बॅटरी पूर्वी उघडली किंवा बदलली गेली काय, आणि पेटीत पाणी शिरल्याची नोंद आहे काय, हेही हवे, कारण मुंबईच्या एखाद्या जुलैत गळाभर पाण्यात उभी राहिलेली गाडी ऑक्टोबरात नाशकात मोठ्या दिमाखात विकावयास येऊ शकते. हा दाखला देण्याची मक्तेदारी मात्र निर्मात्याच्या सर्व्हिस सेंटरकडे राहू नये. गाडीच्या निदान-जोडणीतून हा आकडा कोणत्याही प्रमाणित यंत्राला वाचता येईल असे बंधन निर्मात्यावर घातले, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक आपले गेलेले शास्त्र पुन्हा मिळवील आणि आजची पी.यू.सी. केंद्रेही, ज्यांचा धंदा पुढे आटतच जाणार आहे, या कामाला लावता येतील.

बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनांविषयी स्वतंत्र तरतूद लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट ४ लाख ९९ हजारांना आणि वर किलोमीटरमागे अडीच रुपये भाड्याने देऊ करण्यात आली. नव्या गिऱ्हाइकाला ती सोयीची वाटेल, पण अशी गाडी दुसऱ्या हाती जाताना तो करार कोणाच्या माथी, थकीत भाडे कोणी द्यायचे, आणि खरेदीदाराने सौद्यात मोजलेल्या रकमेत बॅटरी होती की नव्हती, हे नोंदणीपत्रावर बोज्याच्या रकान्यात जसे कर्ज दिसते तसेच स्पष्ट दिसले पाहिजे.

निर्माते यावर म्हणतील की हा आकडा अनुमानाचा आहे, तो प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने काढते, आणि दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच. हे खरे आहे. पण मोजणीत चूकभूल होते म्हणून जमिनीची मोजणीच करू नये, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आकडा काढण्याची एकच रीत आणि चुकीची मर्यादा किती, हे भारतीय वाहन मानकांत ठरवून द्यावे, म्हणजे हा आक्षेप उरत नाही. दलाल म्हणतील की याने खर्च वाढेल. काही शे रुपयांच्या दाखल्याने लाखांच्या सौद्याला आधार मिळत असेल तर तो खर्च विक्रेत्याने करावा, आणि खरेदीदार तो भावात आनंदाने भरून देईल. जाता जाता आपल्या सहकारी अर्थमंत्र्यांच्या कानीही एक गोष्ट घालावी: नव्या विद्युत मोटारीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के, पण तीच मोटार जुनी होऊन नोंदणीकृत विक्रेत्याच्या दुकानातून निघाली की त्याच्या नफ्यावर अठरा टक्के, अशी जी व्यवस्था डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीपासून झाली आहे, तिने गिऱ्हाईक दुकानातून उठून, जेथे दाखलाही नाही आणि दादही नाही, अशा हातोहात सौद्यांकडेच ढकलले जाते. कर केवळ नफ्यावर आहे आणि दोन खाजगी इसमांच्या व्यवहारावर तो नाही, हे मला मान्य आहे. माझा रोख दिशेकडे आहे.

या बाबतीत जो मसुदा आपण काढाल, तो हरकती व सूचनांसाठी इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध करावा. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात फॉर्म ३० भरून रांगेत उभे राहणारे पुष्कळ लोक तो वाचतील आणि त्यांच्या हरकती नेमक्या असतील. माझी हरकत मी आगाऊच नोंदवितो: ‘शक्यतो’ आणि ‘मार्गदर्शक’ हे दोन शब्द त्यात नसावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
महसूल खात्यातील एक सेवानिवृत्त कर्मचारी, पुणे